सिंदखेडराजाचा घुमट

धाकटा आठवीत आहे. एके दिवशी शाळेतून आला तो दप्तर टाकून गप्प बसला. जेवला नाही. रात्री त्याच्या बाजीने खोदून विचारले तेव्हा कळले, मधल्या सुट्टीत एका मित्राने त्याला म्हटले होते, "तुमच्या निजामाने आमच्या जिजाऊंच्या वडिलांना मारलं." भांडण झाले नाही. तो मुलगा दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा डबा घेऊन शेजारी येऊन बसला. पण आमच्या पोराच्या मनात ते वाक्य रुतले ते रुतलेच. आम्ही दोन दिवस उत्तर शोधत राहिलो, आणि मग ठरवले की उत्तर घरात बसून देण्यापेक्षा जागेवर जाऊन द्यावे. जमिनीवर हिंडून पूर्वीच्या लोकांचे काय झाले ते पाहावे, ही ताकीद कुरआनात वारंवार येते. आपण मात्र जन्म बुलढाणा जिल्ह्यात काढतो आणि सिंदखेडराजा एस.टी.च्या खिडकीतूनच पाहतो.

रविवारी सकाळी निघालो. अम्मीही हट्टाने सोबत आल्या. जालना-मेहकर रस्त्यावर हे गाव लागते. जालन्याकडून आलात तर तासाभराचे अंतर.

गावात शिरताच राजवाड्याचा दरवाजा दिसतो. जिजाऊंचा जन्म इथलाच, 12 जानेवारी 1598. दरवर्षी त्या दिवशी इथे पाऊल ठेवायला जागा नसते. आम्ही गेलो तो साधा दिवस होता. शाळेची एक सहल आणि आम्ही, एवढेच. वाडा पाहून रंगमहालाची गोष्ट ऐकली. रंगपंचमीच्या दिवशी लहानग्या जिजाऊ आणि शहाजी एकमेकांवर रंग उडवत होते आणि तिथेच सोयरिकीचा विषय निघाला, असे सांगतात. इथे आम्ही मुलांना एक गोष्ट जोडून सांगितली. शहाजींचे वडील मालोजी भोसले यांनी अहमदनगरच्या शाह शरीफ यांच्या दर्ग्याला मुलासाठी नवस केला होता, अशी परंपरा आहे. पुढे दोन मुलगे झाले, त्यांची नावे ठेवली शहाजी आणि शरीफजी. धाकट्याने हे दोनदा विचारून घेतले. "शरीफजी? खरंच?" खरंच.

वाड्यापासून लखुजीराव जाधवांच्या समाधीकडे गेलो, आणि तिथे एक प्रसंग घडला तो आधी सांगितला पाहिजे. मोठा चौथरा, चौकोनी भरभक्कम इमारत, कमानी, वर घुमट. अम्मींना दूरवरून दिसले ते एवढेच. आम्ही तिकडे पोहोचेपर्यंत त्यांनी पदर डोक्यावर नीट घेतला, चपला काढल्या आणि फातिहासाठी हात उचलले. "किस की मजार है बेटा?" शेजारी उभ्या एका वयस्क गृहस्थाने हसून सांगितले, "आजी, मजार नाही. लखुजीराजांची समाधी आहे." अम्मींनी हात खाली घेतले. जरा वेळ घुमटाकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "बांधली मात्र जिवाने हो कुणीतरी."

त्यांची चूक अगदी स्वाभाविक होती. समाधी म्हणजे कबर नव्हे. दहन झालेल्या माणसाच्या आठवणीसाठी ती उभारतात. पण ही समाधी दख्खनच्या मकबऱ्याच्या घडणीची आहे. लखुजीराव निजामशाहीचे मोठे सरदार होते, त्या काळी दख्खनमध्ये मोठ्या माणसाचे स्मारक असेच बांधत. ज्या गवंड्यांनी सुलतानांचे मकबरे रचले त्यांच्या कारागिरीतूनच ही कमान आली. एखाद्या हिंदू सरदाराची एवढी भव्य समाधी देशात क्वचितच असेल.

तिच्याच सावलीत बसून आम्ही धाकट्याला ती गोष्ट सांगितली, काही न लपवता. लखुजीराव एकदा निजामशाही सोडून मोगलांकडे गेले होते, नंतर परत आले. जुलै 1629 मध्ये निजामशाहाने त्यांना दौलताबादच्या दरबारात बोलावले आणि तिथेच दगा झाला. त्यांच्यासोबत अचलोजी आणि राघोजी हे दोन मुलगे आणि यशवंतराव हा नातूही मारला गेला. एका दिवसात एका घरातले चार पुरुष. जिजाऊ तेव्हा गरोदर होत्या. सात महिन्यांच्या आत, 19 फेब्रुवारी 1630 रोजी शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला. मेजवानीला बोलावून मारणे काय किंवा दरबारात बोलावून मारणे काय, पाहुण्याच्या जिवावर उठणे आपल्या दीनमध्ये कुठेच बसत नाही. त्या कृत्याची बाजू घ्यायचे आम्हाला काही कारण नाही, हे त्याला स्पष्ट सांगितले.

पण गोष्ट तिथे थांबत नाही. ज्या मुर्तजा निजामशाहाने हे केले त्याला पुढे त्याच्याच वजिराने, मलिक अंबरच्या मुलाने, फतहखानाने कैद करून ठार केले. आणि निजामशाहीचे तख्त मोकळे पडले तेव्हा 1633 मध्ये पेमगिरीच्या किल्ल्यावर एका लहान निजामशाही वारसाला गादीवर बसवून तीन वर्षे मोगलांशी झुंजला कोण? लखुजीरावांचा जावई. शहाजीराजे. धाकटा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे निजाम त्यांचाही होता." आम्ही मान डोलावली. हे वाक्य आम्हाला सुचले नसते.

आता खोदकामाविषयी. 2024 च्या उन्हाळ्यात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग या समाधीची डागडुजी करत होता. काम चालू असताना काही दगड उघडे पडले, पुढे खणले तर एका प्राचीन मंदिराचा पाया निघाला. आणखी खाली, सुमारे सव्वादोन मीटरवर, शेषशायी विष्णूची भलीमोठी मूर्ती सापडली. लांबी सुमारे 1.70 मीटर, उंची मीटरभर, क्लोराइट शिस्ट नावाच्या मऊ दगडात कोरलेली. विष्णू शेषावर पहुडलेले, पायाशी लक्ष्मी, आणि पाटावर समुद्रमंथनाचा देखावा. चालुक्यकाळाच्या सुमाराची मानली जाते, म्हणजे लखुजीरावांच्याही कित्येक शतके आधीची.

खरे सांगतो, ही बातमी तेव्हा वर्तमानपत्रात वाचली आणि पहिल्यांदा आमच्या छातीत धस्स झाले होते. "खोदकामात मंदिर सापडले" हे शब्द आजकाल आपल्या घरांत कसे वाचले जातात ते वाचकांना वेगळे सांगायला नको. खालच्या ओळीपर्यंत जाऊन वरची इमारत कुणाची ते आधी पाहिले. ती समाधी आहे हे वाचून हायसे वाटले, आणि त्या हायसे वाटण्याची नंतर लाजही वाटली. ती कारागिरी पाहून आनंद व्हायला हवा होता. आम्ही मात्र आधी वाद कुणाच्या दारात येणार ते मोजत होतो.

जागेवर उभे राहिल्यावर ते सगळे वेगळे दिसते. मंदिर पडते, माती साचते, शे-दोनशे वर्षांनी कुणाला खाली काय आहे याची आठवणही राहत नाही, वर पुढची पिढी आपल्या माणसाचे स्मारक बांधते. युरोपात रोमन लोकांची मोठमोठी स्नानगृहे होती. रोमची सत्ता गेली, गरम पाण्याचे हौद कोरडे पडले, आणि त्याच पडक्या भिंतींमध्ये पुढच्या शतकांतल्या लोकांनी आपले मुर्दे दफन केले. आज खणणाऱ्यांना खाली हौद आणि वर सांगाडे मिळतात. दोन्ही जपून ठेवतात.

पाण्याचे म्हणाल तर सिंदखेडराजालाही कमी नाही. पुतळा बारव अवश्य पाहा. पायऱ्या उतरत खाली जावे तशी हवा गार होत जाते, भिंतीवर कोरलेल्या आकृत्या उगवत जातात, त्यावरूनच नाव पडले. सजना बारव आहे, मोती तलाव आहे. या तलावाचा बांध समोरून पाहिला तर किल्ल्याची भिंतच वाटते. चांदणी तलावाच्या मधोमध तीन मजली वास्तू उभी आहे. मोठी म्हणाली, आपल्याकडे उन्हाळ्यात टँकर येतो आणि यांनी चारशे वर्षांपूर्वी हे कसे केले असेल? भूगोलाच्या तासाला जो प्रश्न तिने कधी विचारला नव्हता तो तिथे विचारला. काठावर बसून आम्ही भाकरी, ठेचा आणि घरून आणलेला खिमा खाल्ला. जोहरची वेळ झाली तेव्हा जवळच्या घरातल्या बाईंनी अम्मींना वजूला तांब्याभर पाणी आणि बसायला सतरंजी दिली. दोघींचे मग गुडघेदुखीवर बरेच बोलणे झाले.

वेळ असेल तर याच तालुक्यातले साखरखेर्डा पाहून यावे. तिथली मशीद 1581 ची, खुदावंदखान महदवीने बांधलेली. त्यानेच दुसऱ्या वर्षी मोताळा तालुक्यातल्या रोहिणखेडला दुसरी बांधली. या साखरखेर्ड्याच्या रानात ऑक्टोबर 1724 मध्ये निजामुल्मुल्क आणि हैदराबादचा सुभेदार मुबारिजखान यांची लढाई झाली. दोन्हीकडे मुसलमान सेनापती, निजामाच्या मदतीला बाजीराव पेशवे. मुबारिजखान पडला, निजामाने गावाचे नाव फतेहखेर्डा ठेवले, आणि हैदराबादचे राज्य तिथून सुरू झाले. धाकट्याला आता सांगायची गरज राहिली नव्हती, त्याने स्वतःच विचारले, "आणि यातला आपला कोणता?"

परतताना बसमध्ये तो वही काढून काहीतरी लिहीत होता. अम्मींना डुलकी लागली असे वाटत होते, पण डोळे मिटूनच त्या म्हणाल्या, "वो तीन बच्चों के नाम फिर से बता." त्याने वाचून दाखवले. अचलोजी, राघोजी, यशवंतराव. "यशवंतराव पोता था ना?" अम्मींनी विचारले. हो, म्हणाला, नातू. अम्मींनी त्याचा हात आपल्या हातात घेतला आणि चिखली येईपर्यंत सोडला नाही.