वीझ म्हणजे पाणी

परदेश म्हटलं की आपल्या डोळ्यापुढं दोनच चित्रं येतात. एक कोलंबिया विद्यापीठातले बाबासाहेब. दुसरं आखातात घाम गाळणारा आपला भाऊबंद. मी गेलो ते या दोन्हींत न बसणाऱ्या कामाला. 2019 च्या उन्हाळ्यात सहा आठवडे हंगेरीत होतो. उन्हाळी शिबिरात पोरांना इंग्रजी शिकवायचं. सूतगिरणीत रिंग फ्रेमवर तुटले धागे सांधणारा दहावी नापास गडी, आणि इंग्रजीचा मास्तर! खात्यातली पोरं लई हसली. हसू द्या. माझं इंग्रजी बाबासाहेबांच्या सरकारी खंडांतून आलेलं, तिसऱ्या पाळीनंतर डिक्शनरी मांडीवर घेऊन जमवलेलं. कॉन्व्हेंटवाल्याला ते ओबडधोबड वाटंल. वाटू दे.

दहावी नापास म्हणून पासपोर्टवर ईसीआरचा शिक्का. तो आखातातल्या आणि दुसऱ्या काही देशांत कामाला जाणाऱ्यांसाठी असतो, हंगेरीला लागू नाही. विमानतळावरच्या बाबूला हे माझ्या तोंडून ऐकून घ्यावं लागलं.

हंगेरीच्या ईशान्येला बोर्शोद नावाचा मुलूख आहे. एके काळी तिथं कोळशाच्या खाणी, पोलादाचे कारखाने. 1990 च्या आसपास ते बंद पडत गेले आणि पहिल्यांदा घरी बसवले गेले ते रोमा. जग त्यांना जिप्सी म्हणतं. हजारएक वर्षांपूर्वी हे लोक आपल्याच बाजूनं तिकडं गेले. याच मुलखातल्या शायोकाझा गावात ओर्शोश यानोश आणि देर्दाक तिबोर यांनी 2007 साली बाबासाहेबांच्या नावानं शाळा काढली. (तिकडं आडनाव आधी, आपल्या मतदार यादीसारखं.) ओर्शोश स्वतः रोमा. बाबासाहेब त्यांना आधी पुस्तकात भेटले, मग ही माणसं महाराष्ट्रात येऊन गेली. आता ते एकमेकांना 'जय भीम' घालतात, आणि तो लिहिताना एका 'ज'ला तीन रोमन अक्षरं खर्चतात. माझं शिबिर त्या शाळेचं नव्हतं. जवळच्याच एका गावात काही मित्रांनी भरवलेलं. तिकिटाचे पैसे वर्गणीतून.

पहिला आठवडा जड गेला. रात्री नऊ वाजले तरी उजेड, आणि पाळ्या करून मोडलेलं अंग झोपायचं नाव घेईना. संध्याकाळचं जेवण म्हणजे थंड पाव. तिखट लालभडक, पण जिभेला लागतच नाही. शेवटी शेजारच्या म्हातारीनं चुलीवरची 'वाकारो' दिली. गव्हाच्या पिठाची, सोडा घातलेली जाड भाकर. त्या रात्री झोप लागली.

शिकवणं त्यामानानं सोपं निघालं, कारण त्यांची भाषा इंग्रजीपेक्षा आपल्याच वळणाची. 'हाझ' म्हणजे घर, 'हाझबान' म्हणजे घरात. प्रत्यय मागं लागतो. इंग्रजीत तो सुटा होऊन पुढं येतो, आणि तिथं ही पोरं अडखळतात, जसा मी अडखळलो होतो. तो आणि ती यांना तर त्यांच्याकडं एकच शब्द. मग 'माय मदर, ही इज सिक' असं चालायचं. मी फळ्यावर मराठी, हंगेरियन, इंग्रजी अशा तीन ओळी मांडायचो. पोरं मला 'बाची' म्हणायची. बाची म्हणजे काका.

मला वाटलेलं, रोमा म्हणजे त्यांची रोमानी भाषा असणार, नाक-कान-पाणी सारखंच निघणार. शब्द खरंच तेच आहेत. पण या पोरांना त्यातला एक येत नव्हता. 1783 साली जोसेफ दुसरा या बादशहानं रोमानी बोलण्यावर बंदी घातली होती. त्याच्या आईनं, मारिया थेरेसानं, हे काम आधीच सुरू केलं होतं. जीभ कापायला दरवेळी सुरी लागत नाही. मजा अशी, की आज शहरातली गोरी हंगेरियन पोरं टवाळीत जे शब्द वापरतात त्यात रोमानी उरलीय. 'लोवे' म्हणजे पैसा. 'पियाल' म्हणजे दारू पितो, आपलं पिणंच ते. 'चावो' म्हणजे पोरगा, आपल्या छाव्याचा सख्खा भाऊ. शब्द उचलले, माणसं गावाबाहेर ठेवली.

एक दिवस मी फळ्यावर लिहिलं : वीझ, पाणी, वॉटर. वाकारोवाली म्हातारी दारात उभी होती. "पानी," ती म्हणाली. तिच्या आजीचा शब्द. पोरं तिच्याकडं बघतच राहिली.

पाण्याचा विषय निघाला तसा वर्ग पेटला. या वस्त्यांत घरोघर नळ नाहीत. रस्त्यावर निळे लोखंडी पंप, दांडा दाबून पाणी भरायचं. 2013 च्या ऑगस्टात, ऐन उकाड्यात, जवळच्या ओझ्द शहरात नगरपालिकेनं असे काही पंप बंद केले, कित्येकांचा जोर कमी केला. फटका बसला रोमा वस्त्यांना. बोंब झाली तेव्हा पाणी सुटलं. मी त्यांना महाड सांगितलं. 20 मार्च 1927. एका पोरानं विचारलं, "मग पाणी कधी मिळालं?" म्हटलं, कोर्टाचा शेवटचा निकाल 17 मार्च 1937 ला लागला. तो बोटं मोजत राहिला.

आता दुकानातली गोष्ट. शिबिरात मदतीला पंधरा वर्षांची एक पोरगी होती. तिचे आईबाप 2010 नंतर कॅनडात आसऱ्याला गेले होते. त्या काळात तिकडून खूप रोमा गेले, बरेच परत धाडले गेले. हीही परतली, ती टोरोंटोचं इंग्रजी घेऊन. माझ्यापेक्षा शंभर पटीनं चांगलं. आम्ही दोघं वह्या आणायला शहरातल्या एका मोठ्या दुकानात गेलो. पहारेकरी मागं लागला. कातडी बघूनच. त्याच्या लेखी मीपण तिथलाच जिप्सी. तो गुरगुरला तसं मी इंग्रजीत बोललो, पासपोर्ट काढला. "इंडिया!" म्हणून गडी चक्क हसला, मला वाट दिली. आणि तिची पिशवी उपडी केली.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "एकटी असले की मी दुकानात इंग्रजीच बोलते. कॅनडाची आहे म्हणते."

ऐकून मला आपल्या शहरातली आडनावं आठवली. भाड्याची खोली मिळावी म्हणून गावाचं नाव पुढं करणारी, पाटीवर अर्धीच लिहिलेली. कुणाला नावं ठेवत नाही. पण त्या रात्री डोक्यात एकच भुंगा : मी हिला आणि या पोरांना काय शिकवतोय? बाबासाहेबांच्या खंडांतलं इंग्रजी, का दुकानात सुटायचं इंग्रजी? मला तर पासपोर्टनं सोडवलं. सहा आठवड्यांनी मी उठून जाणार, आणि पहारेकरी तिथंच उभा.

कोर्टकचेऱ्या तिकडंही होतात. धडधाकट रोमा पोरांना मतिमंदांच्या शाळेत घातल्याबद्दल युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानं जानेवारी 2013 मध्ये हंगेरीला दोषी धरलं. द्योंद्योशपाता गावात रोमा पोरांचे वर्गच वेगळे होते, तळमजल्यावर. मे 2020 मध्ये वरिष्ठ कोर्टानं त्यांना एकूण दहा कोटी फोरिंटच्या आसपास भरपाई द्यायला लावली. लॉकडाऊनमध्ये, गिरणी बंद असताना, हे मी मोबाइलवर वाचलं. पैसे मिळतील. वर्ष कुठून मिळणार?

शेवटचे दोन आठवडे मी खडू त्या पोरीच्या हातात दिला आणि पोरांत बाकावर बसलो. ती माझे उच्चार भर वर्गात दुरुस्त करायची. महाड तिनं इंग्रजीत सांगितलं, माझ्यापेक्षा नीट. मधेच थांबून विचारलं, "बाची, चवदारला इंग्रजीत काय म्हणायचं?"

म्हटलं, टेस्टी. सगळा वर्ग खदखदून हसला. तिनं मात्र फळ्यावर तळं काढलं आणि खाली लिहिलं, 'टेस्टी लेक, 1927'.