मूठभर यॉर्की

आज पुन्हा माझ्या यॉर्कीचे, म्हणजे यॉर्कशर टेरियर कुत्र्याचे, केस विंचरत बसले. जेमतेम तीन किलोंचा जीव, पण जिन्यात पाऊल वाजलं की अंगात वाघ संचारतो! रक्तातच आहे ते. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या कापडगिरण्यांत ही कुत्री उंदीर मारायची; श्रीमंतांच्या मांडीवर ती नंतर आली. 1865 साली जन्मलेला हडर्सफील्ड बेन हा कुत्रा या जातीचा मूळपुरुष मानला जातो.

केस माणसासारखे वाढतच राहतात. विंचरले नाहीत तर जटा होतात. गळपट्टा मात्र मला मुळीच मान्य नाही. यांची श्वासनलिका फार नाजूक, ओढ बसली की दबते आणि कोरडा खोकला सुरू होतो. छातीवरून जाणारा पट्टाच हवा. इवल्या जबड्यात दातांची दाटी, म्हणून तेही रोज घासायचे. पिल्लांना थोडंथोडं, वारंवार भरवावं. उपाशी राहिली की रक्तातली साखर झपाट्याने उतरते.