दुहेरी फडके

सोलापुरात नवी पेठेतल्या आमच्या घरी नळ आला, तरी आजी पाणी दुहेरी फडक्यातून गाळूनच भरी. आम्ही पोरे थट्टा करीत असू. एकदा तिने घोट्यावरचा व्रण दाखवला.

"नारू रे बाबा! पायाची आग निववायला मी गावच्या पायविहिरीत पाय सोडून बसे. पुढल्या वर्षी धाकट्या भावाला नारू झाला. तो जन्माचा लंगडा राहिला."

कॉलेजात सूक्ष्मदर्शकाखाली मी सायक्लॉप्स पाहिला. गोड्या पाण्यातला, एकाच डोळ्याचा, जेमतेम मिलिमीटरभर जीव. माशांच्या पिलांचे खाद्य. नारूच्या फोडातून पाण्यात सुटलेल्या अळ्या तो गिळतो. त्याच्यासकट ते पाणी माणूस प्याला, की वर्षभराने त्याच्या पायातून दीड-दोन हात लांब जंत बाहेर पडतो. दुहेरी फडके सायक्लॉप्सला अडवते.

आजीचे फडके बरोबर होते. पण तिचा पाय आणि भावाचा नारू यांची सांगडही मला त्याच दिवशी लागली. घरी येऊन मी पहिलीच गोष्ट तिला सांगितली. दुसरी कधीच नाही.

भारतात नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ च्या जुलैत आढळला. २००० साली देश नारूमुक्त ठरला. तोवर आजी राहिली नव्हती. तिचे फडके मात्र आम्ही टाकलेले नाही.