दातेरी सरकार

यांना भेटा. उंची कमरेएवढी, अंग ओतीव लोखंडाचं, रंग एके काळी हिरवा होता असं जुनी माणसं सांगतात. तोंड कायम वर आणि कायम उघडं. एका कुशीला जडशीळ चाक, चाकाला लाकडी मुठीचा दांडा, आणि पोटात दात. मक्याचे दाणे काढायचं हे हातमशीन येवल्याकडच्या एका मळ्यात, गोठ्याच्या पडवीत मुक्कामाला असतं. स्वतः जागचं हलायचं नाही, भरवायला एक माणूस आणि फिरवायला दुसरा हवा, आणि काम थोडं झालं तरी आवाज शिवारभर; म्हणून घरात यांचं नाव पडलं ‘सरकार’.

घराणं मूळचं अमेरिकेचं. हाताने फिरवायच्या अशा यंत्राचं पेटंट कनेटिकटमधल्या लेस्टर डेनिसन यांनी १८३९ साली घेतलं. मक्याचं माहेर मेक्सिको, म्हणजे तोही त्याच मुलखातला. मक्याशी वागताना सरकार गाववाल्याचा हक्क गाजवतात तो त्यामुळेच असावा.

सरकार येण्याआधी हे काम अंगठ्यांचं होतं. बायका गोल करून बसायच्या, कणसावर कणीस घासायच्या, आणि संध्याकाळी अंगठ्यांना फोड मोजायच्या. घाई असली तर कणसं गोणीत भरून काठीने बडवायची. दाणे सुटायचे, पण फुटायचेही. सरकारांनी अंगठे वाचवले आणि तो मोठेपणा कधी विसरले नाहीत. काम सुरू करायचं तर आधी खालची जागा झाडून घ्या, गोणपाट अंथरा, घमेलं ठेवा, चाकाच्या आसाला तेल घाला. एवढा मानपान झाल्यावरही पहिला फेरा द्यायला नकोच असतो. दांड्याला लोंबकळावं लागतं. पण एकदा चाकाने वेग धरला की दहा वर्षांचं पोरही फिरवतं, आणि हात काढून घेतला तरी सरकार आपल्याच तोऱ्यात चार फेरे जास्त घेतात.

जेवणाची पद्धत ठरलेली. एका वेळी एकच कणीस, तेही शेंड्याकडून. आत उभी दातेरी तबकडी असते आणि तिच्यासमोर स्प्रिंगने दाबून धरलेली पट्टी. कणीस त्या दोघींच्या मध्ये सापडलं की गरागरा फिरत खाली जातं. दाणे घमेल्यात, रिकामं कणीस बाजूच्या तोंडाने बाहेर, तेही फेकून. ती रिकामी कणसं गोळा करून बंबात घालायची. दोन कणसं एकदम कोंबली तर सरकार दोन्ही अडकवून ठेवतात आणि भरवणाऱ्याला चांगला घाम फोडतात.

भेदभाव मात्र नाही. १९६१ साली देशात गंगा, रणजित, डेक्कन असे मक्याचे पहिले संकरित वाण आले. पुढे कणसं जाड होत गेली. सरकारांनी तक्रार केली नाही. स्प्रिंगचा नट दोन आटे सैल केला की जाडं कणीस चालतं, आवळला की गावरान बारकंही.

लहर सांभाळायची ती एकाच बाबतीत. ओलं कणीस यांना खपत नाही. दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका दिसला की पीक पक्व झालं असं धरतात. पण तेव्हा दाण्यात तीस टक्क्यांच्या आसपास ओल असते. पुढचं काम उन्हाचं. खळ्यावर पसरलेल्या कणसातला दाणा दाताखाली कट्ट वाजला, तरच सरकारपुढे जायचं. घाई केली तर दाणा चेचून देतात, आणि अर्धे दाणे कणसालाच ठेवतात. आता खरं सरकारही हमीभावाने मका घेताना ओलाव्याचं यंत्र लावतं आणि चौदा टक्क्यांच्या वर गेला की नको म्हणतं. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला २,४०० रुपये. तो मिळवायचा तर अट तीच. आमच्या सरकारांनी हा नियम कुठलंही यंत्र न लावता पाळला.

दरबार मोठा. पायाशी कोंबड्या, उडालेला दाणा जमिनीला लागायच्या आत त्यांच्या पोटात. पाहुण्यांची पोरं आली की कणसावरच्या ओळींवर पैज लागे, सम की विषम. घरची पोरं सम धरत आणि दर वेळी जिंकत, कारण मक्याच्या कणसावर दाण्यांच्या ओळी जोडीनेच येतात. बारा, चौदा, सोळा. हे गुपित पाहुण्यांना जाताना सांगायचं, आधी नाही.

स्वभाव तसा चावरा. पदर खोचून, बांगड्या मागे सारूनच समोर बसायचं. अडकलेलं कणीस बोटाने ढकलायचं नाही, मागून दुसरं कणीस लावायचं. हा कायदा घरातल्या सगळ्यात लहान मुलालाही पाठ होता, कारण तो सरकारांच्या तोंडावर नव्हे, आजीच्या तोंडावर लिहिलेला असे.

मग ट्रॅक्टरवरचं मळणी यंत्र आलं. ते कणसं पाल्यासकट गिळतं, तासाभरात ट्रॉली भरतं आणि भाडं घेऊन पुढच्या मळ्यात जातं. दहा एकर मका असेल तर त्याच्याशिवाय गत्यंतर नाही. सरकारांच्या हवाली एवढं पीक केलं तर दिवाळी जाऊन होळी येईल. पण घरच्या बियाण्याचा गावरान मका आजही यांच्याकडेच येतो. कणसाचं बूड आणि शेंडा हाताने सोलून बाजूला काढायचा, मधले भरदार दाणे तेवढे यांच्याकडून काढून घ्यायचे. मोठ्या यंत्राला कणीस दिसतच नाही, ढीग दिसतो. सरकारांपुढे प्रत्येक कणीस कुणाच्या तरी हातातून जातं, आणि किडकं असेल तर तिथेच बाजूला पडतं.

तुमच्याही गोठ्यात असं एखादं सरकार धूळ खात बसलं असेल, तर भंगारवाल्याच्या काट्यावर चढवू नका. आसाला तेल घाला, स्प्रिंग बघा, आणि वाळलेली चार कणसं भरवून पाहा. ओली मात्र देऊ नका. वय झालं तरी तेवढा हट्ट कायम आहे.