दाराची उजवी बाजू

वाड्याच्या दाराला डावेउजवे नव्हते. दोन फळ्या, त्यांच्या भेटीच्या जागी कडी-कोयंडा आणि पायाशी रुंद उंबरठा. अशा दाराच्या मधोमध उभी रेषा काढली, तर एक अर्ध दुसऱ्याचे प्रतिबिंब ठरे. रात्री आडवा घालायचा अडसर दिवसा एकाच भिंतीच्या पोटात शिरून राही, एवढाच काय तो पक्षपात. पुढे चाळी आल्या, सदनिका आल्या, दार एका फळीचे झाले आणि बिजागऱ्या कोणत्या अंगाला असाव्यात हा प्रश्न प्रथमच घरात शिरला. तरीही त्याची फारशी चर्चा होत नसे. सुतार ठरवी आणि घर त्याप्रमाणे वळण घेई.

न्यू जर्सीतील एडिसन या गावी, एका मराठी कुटुंबात, हा प्रश्न काही आठवडे घराच्या मध्यभागी येऊन बसला होता. दार होते परसातले. स्वयंपाकघराच्या जेवणाच्या भागातून मागच्या लाकडी ओट्यावर नेणारे, सरकत्या काचेचे. ‘पॅटिओ’ हा शब्द मूळ स्पॅनिश असून त्याचा अर्थ आपल्या चौकासारखी घराच्या कुशीतली उघडी जागा असा आहे. अमेरिकेत तो घरामागच्या फरसबंद जागेला लागला. ‘आर्ट्स अँड आर्किटेक्चर’ या मासिकाने १९४५ साली कॅलिफोर्नियात नमुनेदार घरांचा जो उपक्रम आरंभला, त्यातील कित्येक घरांच्या भिंतीच काचेच्या होत्या. पुढच्या दशकात ती काच सामान्य उपनगरी घरांत सरकत्या दाराच्या रूपाने पोचली. प्रारंभीच्या साध्या काचेवर धावती मुले आदळून जखमी होत. १९७७ पासून अशा दारांना सुरक्षित काच सक्तीची झाली. ही काच तापवून एकदम थंड केलेली असते. ती फुटली तर तिचे बोथट कण होतात. पण एकदा अशी कमावली की ती कापता येत नाही. दाराला कुलूप असले तरी अनेक घरांत रात्री झाडूचा जुना दांडा कापून रुळात आडवा ठेवतात. वाड्यातला अडसर साता समुद्रांपलीकडे पुन्हा भेटावा, तोही झाडूच्या रूपाने, याची गंमत नानांना पहिल्या भेटीपासून वाटे.

नानांनी उभा जन्म संस्कृत शिकवण्यात घालवला. निवृत्तीनंतर ते आणि माई मुलाकडे आले, आणि तिसऱ्या वर्षी नानांची उजवी बाजू पक्षाघाताने गेली. वाणी वाचली. पाय काही महिन्यांनी ओढत का होईना चालू लागला. हात मात्र परतला नाही. डाव्या हातात काठी घेऊन ते घरभर फिरू लागले. त्यांची इच्छा एकच होती: सकाळी कोणालाही हाक न मारता ओट्यावरच्या उन्हात जाऊन बसावे. ओटा जमिनीपेक्षा एक पायरी खाली होता. आतून पाहता दाराची उजवी काच सरके आणि वाट उजवीकडे मोकळी होई. म्हणजे बाहेर पडताना भक्कम चौकट येई ती मृत हाताच्या बाजूला. जिवंत हाताला धरायला उरे फक्त काचेची सरकती कड, आणि जी वस्तू सरकण्यासाठीच घडवलेली आहे तिच्यावर भार टाकणे शहाणपणाचे नव्हे.

मुलाने ठरवले की दाराची बाजू बदलायची. काचा काढाव्यात, त्यांची अदलाबदल करावी आणि पुन्हा बसवाव्यात, असा त्याचा हिशेब. दारे बसवणारा कारागीर आला, त्याने रूळ पाहिला आणि मान हलवली. कारण सांगायला त्याला फार शब्द लागले नाहीत. पण ते कारण खोल आहे. सरकती काच आतल्या रुळावर, स्थिर काच बाहेरच्या. चाके खाली. कुलूप खोलीच्या बाजूने. उंबऱ्याला उतार बाहेरचा, पावसाचे पाणी निघून जावे म्हणून. अशी चौकट उभ्या अक्षाभोवती फिरवली तर डावे उजवे होते खरे, पण आत ते बाहेरही होते: कुलूप ओट्यावर येते आणि पाणी घरात. पाटीसारखी गरकन उलटी फिरवली तर आत-बाहेर टिकते, पण चाके डोक्यावर जातात. वर-खाली, आत-बाहेर, डावे-उजवे या तीन जोड्यांपैकी कोणत्याही अर्ध्या फेऱ्यात दोन उलटतात. एकटी एकच उलटवणे फक्त आरशाला जमते. इमान्युएल कांटने १७६८ साली एका छोट्या निबंधात डाव्या आणि उजव्या हाताबद्दल जो पेच मांडला, तोच हा. सर्व मापे समान, तरीही एक दुसऱ्याच्या जागी बसत नाही. दोन्ही बाजूंनी बसवता यावीत अशी मुद्दाम घडवलेली दारेही मिळतात; हे त्यांतले नव्हते. संपूर्ण नवे दार मागवणे हाच उपाय.

मागणीपत्रावर स्थिर काचेसाठी ‘ओ’ आणि सरकत्या काचेसाठी ‘एक्स’ लिहितात. बहुतेक उत्पादक हा क्रम बाहेरून पाहून वाचतात. राहणारा माणूस तो आतून वाचतो आणि कधी कधी दार उलटे येते. मुलाने तो कागद नानांपुढे ठेवला. नाना हसले. भाषेने डाव्याला कधी न्याय दिला नाही, हे त्यांना ठाऊक होते. मुलगी उजवायची, माणसाला डावलायचे. ‘वाम’ म्हणजे डावा आणि वाकडाही. पूर्वेला तोंड करून उभे राहिले की उजवा हात येतो ती दक्षिण, म्हणजे दिशासुद्धा एका हाताच्या हिशेबाने ठरलेली. (‘वाम’ याचा सुंदर असाही अर्थ आहे, ही पुस्ती ते वर्गात नेहमी जोडत. पक्षाघातानंतर त्यांनी ती जोडल्याचे कोणी ऐकले नाही.)

पेच सोडवला माईंनी, आणि तोही तत्त्वज्ञानाशिवाय. तुळशीची कुंडी सरकवायला त्या ओट्यावर गेल्या होत्या. परत फिरल्या, तेव्हा चौकट त्यांच्या डाव्या हाताला लागली. तिथूनच त्यांनी मुलाला विचारले, “अरे, नवं दार आलं की जाताना ह्यांची सोय होईल. येताना रे?”

कागद तसाच राहिला. दार फिरवले तर जाण्याची अडचण येण्यात जाणार, एवढाच फरक पडणार होता; आणि येताना तर पायरी चढायची. आतून उजवे ते बाहेरून डावे, हे कारागिराच्या कागदावरही लिहिलेले होते. फक्त ते दारालाच नव्हे, दारातून जाणाऱ्या देहालाही लागू आहे, हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

मग व्यायाम शिकवणाऱ्या बाईंचा सल्ला घेतला. जिन्याला एकाच अंगाने कठडा असेल तर सबळ हाताने तो धरून मागे मागे उतरावे, हे त्यांनी इस्पितळातच शिकवले होते. दाराच्या बाबतीत ते आठवले नव्हते, इतकेच. चौकटीलगत आत एक आणि बाहेर एक अशा दोन उभ्या दांड्या भिंतीत पक्क्या बसवल्या. काच आहे त्याच बाजूला राहिली. सकाळी नाना ती डावीकडे लोटतात, काठी मनगटाला अडकवतात, खोलीकडे तोंड करतात आणि डाव्या हाताने दांडी धरून दुबळे पाऊल आधी खाली टाकतात. देवळातून निघताना देवाला पाठ दाखवू नये म्हणून माणसे मागे सरत येतात, तसे ते घरातून बाहेर पडतात. समोर गाभारा नसतो. शेगडीवर चहाचे आधण असते आणि माई पदराला हात पुसत उभ्या असतात.

“माझ्याकडे काय बघताय,” त्या म्हणतात, “पाय बघा.”