बारा पावलं

वयाच्या सेहेचाळीस वर्षांपर्यंत मी चालत होतो, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. बँकेत मी नोटा मोजतो, घरी माझ्या पोळ्या सौ. मोजते. पावलं मात्र कुणी मोजली नव्हती. मग गेल्या पावसाळ्यात एका सकाळी अंगावरून वारं गेलं आणि डावा पाय अर्ज न देताच रजेवर गेला.

दवाखान्यातून घरी आल्यावर व्यायाम शिकवायला एक पोरसवदा फिजिओथेरपिस्ट बाई येऊ लागल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी रबरी हातोडीने डाव्या गुडघ्याखाली टकटक केलं. पाय असा उसळला, की स्टुलावरचा चहाचा कप खाली!

मी हर्षाने ओरडलो, "अहो, पाय जिवंत आहे!"

"काका, तेच तर दुखणं आहे," बाई म्हणाल्या.

गुडघ्याच्या या झटक्याचं वर्णन एर्ब आणि वेस्टफाल या दोन जर्मन डॉक्टरांनी १८७५ साली, एकमेकांना न विचारता केलं. झटकाही मेंदूला न विचारता पाठीच्या मज्जारज्जूतूनच सुटतो. आमच्या भाषेत, शाखा पातळीवरचा निर्णय. एरवी मेंदूचं हेड ऑफिस वचक ठेवून असतं. माझी हेड ऑफिसची लाइन तुटली आणि शाखेतली मंडळी मोकाट सुटली. पोटरीला जरा ताण पडला, की ती आखडायची आणि चवडा फरशीला घासायचा. आमच्या घराला उंबरठा आहे, हे मला तेव्हा कळलं.

अशा मोकाट शाखेलाही शिस्त लावता येते म्हणे. अमेरिकेत आयको थॉम्प्सन, जोनाथन वोलपॉ प्रभृतींनी मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसांना त्यांच्या पोटरीची उसळी पडद्यावर दाखवली, ती कमी करायला शिकवलं आणि त्यांची चाल सुधारली. हे त्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलं. आमच्याकडे पडदा नव्हता. आमच्याकडे आई होती.

टाच आधी, चवडा नंतर. काठी चांगल्या हातात. चाल तालात बसावी म्हणून आई टाळ घेऊन "ज्ञानबा-तुकाराम" करी आणि माझी वारी निघे: खाटेपासून स्वयंपाकघरापर्यंत, पावलं बारा. मोजणं हा तर माझा धंदाच. पण मध्येच कुणी हाक मारली, की आकडा चुके आणि पाय अडे. कॅश न जुळलेल्या क्लार्कसारखा मी पुन्हा एकपासून सुरू! सौ. तोंडाने "छान जमतंय हो" म्हणे, पण तिची नजर उंबरठ्यावर असे. काउंटरवर पुन्हा बसेन का, हे आम्ही दोघंही एकमेकांना विचारत नव्हतो.

चौथ्या महिन्यातली गोष्ट. सौ. गॅलरीत कपडे वाळत घालत होती. तिथूनच ओरडली, "अहो, दूध बघा!"

मी उठलो, गेलो, गॅस बंद केला. तरी पावभर दूध ओट्यावर आलंच. सौ. धावत आली. अशा दुधावरून मी संसारात पुष्कळ ऐकून घेतलेलं आहे. पण ती ओट्याकडे बघेचना. खाटेला टेकवून ठेवलेल्या काठीकडे बघत होती.

"किती पावलं झाली?"

"मोजली नाहीत."

बावीस वर्षं हिशेबात घालवलेल्या माणसाला आकडा न लागल्याचा असा आनंद पहिल्यांदाच झाला. सौ. ओटा पुसू लागली. बराच वेळ पुसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तिने एका हातात काठी दिली, खांद्याला पिशवी अडकवली आणि म्हणाली, "चालता येतं ना आता? मग दूध तुम्हीच आणा."