भांडी घासण्याची विद्या

पीएच.डी.चं पहिलं वर्ष संपवून गावी, शिनोलीला गेले, तेव्हा आईने विचारलं, "दिवसभर काय करतेस गं तिथं?" मी खरं ते सांगून टाकलं. ती हसत म्हणाली, "एवढं शिकून भांडीच घासतेस होय?"

नॅनोतंत्रज्ञान म्हटलं की लोकांना महागडी यंत्रं दिसतात. माझं काम सुरू होतं मोरीपाशी. काचेचा चंबू आधी आम्लराजात बुडवायचा. तीन भाग हायड्रोक्लोरिक, एक भाग नायट्रिक. सोन्यालाही विरघळवणारं हे मिश्रण जुन्या प्रयोगाची खूण ठेवत नाही. मग शुद्ध पाण्याने पुन्हा पुन्हा खळबळायचा. त्यानंतर सोन्याच्या क्षाराचं फिकट पिवळं पाणी उकळत ठेवून त्यात सायट्रेट ओतायचं. पिवळेपणा जातो, पाणी काळसर निळं होतं आणि बघता बघता कोकम सरबतासारखं लाल! कण झाले वीसेक नॅनोमीटरचे. आपला केस त्याहून तीन-चार हजार पट जाड.

हेच कण एकमेकांना चिकटले की लाल रंग जांभळा-निळा होतो. मीठ पडलं की असं होतं, हे मायकेल फॅरडेने 1857 सालीच पाहिलं होतं. माझा चंबू तरीही सलग चार दिवस जांभळा होत राहिला. क्षार बदलला, आच बदलली. चूक सापडली मोरीतच: घाईघाईत शेवटचं खळबळणं मी नळाच्या, म्हणजे क्षार असलेल्या, पाण्याने उरकत होते.

2004 साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे त्रिकोणी नॅनोकण बनवले. आमच्या परसातही गवती चहा आहे, म्हणून आईला कौतुकाने सांगितलं. तिला त्रिकोणाचं काही वाटलं नाही. "पातेलं धुतलेलं होतं ना?" एवढंच तिने विचारलं.

ती घोड नदीवर राखेने हंडे घासत मोठी झाली. ओलं बोट फिरवल्यावर भांडं कुरकुरलं, की निघालं म्हणायचं. काचेचीही अशीच पारख असते. पाणी थेंबाथेंबाने अडकलं तर तेलकटपणा आहे. एकसंध पापुद्र्यासारखं खाली उतरलं तर काच स्वच्छ.

आता माझ्याकडे नवे विद्यार्थी येतात. पहिले पंधरा दिवस मी त्यांना सोन्याला हात लावू देत नाही. चंबू धुवायला देते आणि काचेवरून उतरणारं पाणी बघायला सांगते.